पाठीवरची रिग, हवेतला बिघाड आणि चारशे जणांची साखळी

८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उडोन थानीच्या आकाशात ४०० जण एकमेकांचे हातपाय धरून सव्वाचार सेकंद एकाच आकृतीत राहिले. त्यांना वर नेण्यासाठी थायलंडच्या हवाई दलाची पाच सी-१३० हर्क्युलिस विमानं एकमेकांशी अंतर राखून उडत होती. बातम्यांत ते सव्वाचार सेकंद गाजले. उड्या मारणाऱ्या माणसाला मात्र प्रश्न पडतो तो पुढचाच: साखळी सुटल्यावर हे ४०० जण एकमेकांवर न आदळता ४०० पॅराशूट कशी उघडतात? आणि त्यातल्या एखाद्याचं नाही उघडलं तर?

दुबईला किंवा थायलंडला टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून, उडी मारून आलेल्या आणि आता स्वतःचं लायसन्स काढायचा विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तो वाचून कुणी उडी मारायला शिकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटचा शब्द तुमच्या इन्स्ट्रक्टरचा, ड्रॉप झोनच्या, म्हणजे उड्या मारायच्या मैदानाच्या, नियमांचा आणि पाठीवरच्या पॅराशूट-संचासोबत, म्हणजे रिगसोबत, येणाऱ्या मॅन्युअलचा. खाली दिलेल्या उंच्या प्रामुख्याने यूएसपीए या अमेरिकन संघटनेच्या नियमांतल्या आहेत; इतर देशांत त्या थोड्या बदलतात.

आधी उंचीचा हिशेब

पोटावर पडताना माणसाचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे दर हजार फुटांना साधारण साडेपाच सेकंद. १३००० फुटांवरून उडी मारली की मिनिटभराचं मुक्तपतन मिळतं आणि उरलेला प्रवास पॅराशूटखाली होतो. या खेळात वेळ फुटांत मोजतात, म्हणून घड्याळाच्या जागी मनगटावर उंची दाखवणारा अल्टिमीटर असतो.

तीन उंच्या तोंडपाठ हव्यात. पहिली, पॅराशूट उघडायची. विद्यार्थी आणि ए, म्हणजे सगळ्यांत पहिल्या, लायसन्सवाल्यांसाठी ही किमान ३००० फूट आहे, त्यापुढच्यांसाठी २५०० फूट. दुसरी, निर्णयाची. मेन, म्हणजे मुख्य, पॅराशूटमध्ये बिघाड असेल आणि तो अजून सुटला नसेल, तर विद्यार्थी आणि ए लायसन्सवाल्यांनी २५०० फुटांवर आणि अनुभवी लोकांनी १८०० फुटांवर प्रयत्न थांबवून राखीव पॅराशूटकडे, म्हणजे रिझर्व्हकडे, वळायचं. तिसरी, १००० फूट. त्याखाली मेन सोडून द्यायचं नाही; ते निरुपयोगी असेल तर तसंच ठेवून रिझर्व्ह बाहेर काढायचं, म्हणजे डोक्यावर जमेल तेवढं कापड येईल.

हे आकडे कागदावर सोपे दिसतात. हवेत मात्र बिघाड झालेल्या कॅनॉपीकडे, म्हणजे डोक्यावरच्या पॅराशूटच्या कापडाकडे, बघत ‘आता सुटेल, आता सुटेल’ म्हणत माणूस हजार फूट सहज घालवतो. म्हणून नियम असा की किती वाट बघायची ते विमानात चढण्याआधीच ठरलेलं असतं.

रिग: पाठीवर नेमकं काय असतं

रिग म्हणजे हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे) आणि कंटेनर (पाठीवरची पिशवी). कंटेनरमध्ये दोन कप्पे: खालच्यात मेन, वरच्यात रिझर्व्ह. दोन्ही पॅराशूट चौकोनी, कप्प्याकप्प्यांची. समोरून हवा शिरली की ते कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख तयार होतो. ही रचना १९६० च्या दशकात डोमिना जॅलबर्ट या अमेरिकन माणसाने आणली. त्याआधीचं गोल पॅराशूट फक्त पडण्याचा वेग कमी करायचं, हे उडतं. वळतं, पुढे जातं, उतरताना ब्रेक लावता येतो. आणि उडतं म्हणूनच त्याने अपघातही करता येतो. पूर्णपणे चांगल्या, उघडलेल्या कॅनॉपीखाली शेवटच्या शे-दोनशे फुटांत जोरात वळून जीव गमावणारे या खेळात कमी नाहीत.

मेन उघडण्याचा क्रम नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे बिघाड त्यातूनच येतात. कंटेनरच्या तळाशी उजवीकडे एका ताणणाऱ्या खिशात पायलट च्यूट नावाचं छोटं पॅराशूट असतं. ते ओढून वाऱ्यात फेकायचं. ते हवा धरतं, त्याला जोडलेली पट्टी ताठ होते आणि त्या पट्टीवरची वाकडी पिन कप्पा बंद ठेवणाऱ्या दोऱ्याच्या फासातून, म्हणजे क्लोझिंग लूपमधून, निसटते. कप्पा उघडतो, मेनची पिशवी वर उचलली जाते, रबर बँडमध्ये अडकवलेल्या दोऱ्या एकेक करून सुटतात, सर्वांत शेवटी पिशवीचं तोंड मोकळं होतं आणि कापड बाहेर येतं. दोऱ्यांवर वरच्या टोकाला स्लायडर नावाचा कापडी चौकोन असतो. कॅनॉपीला तो एकदम फुगू देत नाही, हळूहळू खाली सरकतो. स्लायडर नसता तर उघडतानाच्या झटक्याने माणूस जायबंदी झाला असता.

मेन खांद्यांना तीन कड्यांच्या जोडणीने धरलेलं असतं. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढलेली ही युक्ती अजूनही जवळपास प्रत्येक रिगवर दिसते. मोठं कडं, त्यात मधलं, त्यात लहान; प्रत्येक कडं तरफेसारखं काम करून भार कमी करत जातं. शेवटी एका दोऱ्याच्या फासावर इतका थोडा ताण उरतो की अख्ख्या माणसाचं वजन धरलेली जोडणी पिवळी केबल हाताने ओढून सुटते. ती केबल उजव्या छातीवरच्या लाल हँडलला जोडलेली असते. ते हँडल म्हणजे कटअवे, मेन सोडून देण्याचं. डाव्या छातीवरचं हँडल रिझर्व्हचं.

बाकी दोन गोष्टी माणूस चुकला तर कामाला येतात. एक आरएसएल: मेन सुटून जाताना एक पट्टी रिझर्व्हची पिन आपोआप ओढते. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे स्कायहुकसारखी योजना, यात सुटणारं मेनच रिझर्व्हला बाहेर खेचतं. दुसरी एएडी, म्हणजे वेग आणि उंची मोजणारं छोटं यंत्र. जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी तयार केलेलं सायप्रेस १९९१ मध्ये बाजारात आलं आणि मग खेळाचं चित्रच पालटलं. त्याचं अनुभवी लोकांसाठीचं मॉडेल सुमारे ७५० फुटांवर वेग अजून ताशी १२५ किलोमीटरच्या वर दिसला तर रिझर्व्हच्या क्लोझिंग लूपला छोट्या पात्याने कापतं. तुम्ही हँडल ओढायला विसरलात, बेशुद्ध पडलात किंवा भांबावलात, तरी रिझर्व्ह बाहेर येतं. पण यंत्रावर विसंबून उडी मारणाऱ्याने ती मारू नये. ७५० फूट म्हणजे जमिनीपासून चार सेकंद.

कॅनॉपीचा आकार निवडताना हिशेब सोपा. कपडे आणि रिग धरून तुमचं एकूण वजन पौंडांत काढा आणि कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागा. ७५ किलोच्या माणसाचं रिग आणि कपड्यांसह ८७ किलो होतं, म्हणजे सुमारे १९२ पौंड. नवशिक्याने भागाकार एकच्या आसपास किंवा खाली ठेवायचा, म्हणजे या माणसाला १९० ते २१० चौरस फुटांची कॅनॉपी. सेकंड हँड बाजारात १५० ची कॅनॉपी स्वस्तात मिळते आणि मोह होतो. तो आवरा. लहान कॅनॉपी जोरात वळते, बिघाडात जोरात गिरक्या घेते आणि उतरताना चूक माफ करत नाही. जुना कंटेनर घ्यायला माझी हरकत नाही, पण पैसे देण्याआधी रिगरकडून, म्हणजे रिगच्या जाणकार तंत्रज्ञाकडून, तपासून घ्या. त्याची फी वाचवण्यात शहाणपणा नाही.

जमिनीवर: बिघाडाची खरी जागा

हवेत दिसणारे बरेच बिघाड पॅकिंगच्या चटईवर जन्मतात. दोऱ्या गुंतलेल्या, ब्रेक नीट न लावलेले, स्लायडर कड्यांपर्यंत वर न सरकवलेला, पिशवीचे रबर बँड झिजलेले. यातलं सगळ्यांत फसवं म्हणजे न ताणलेलं पायलट च्यूट. आजकालच्या पायलट च्यूटच्या मधोमध एक दोरी असते. मेन उघडलं की ती पायलट च्यूटला आकुंचित करते, म्हणजे मागे ओढ राहत नाही. पॅक करताना ती परत ताणून ठेवावी लागते. विसरलात तर पुढच्या उडीत तुम्ही फेकलेलं पायलट च्यूट चिंधीसारखं मागे फडफडत राहील आणि पिन निघणारच नाही. पायलट च्यूटच्या बहुतेक पट्ट्यांवर छोटी खिडकी असते, त्यात रंगीत दोरी दिसली पाहिजे. दिसली नाही तर रिग उघडा. विमान सुटलं तर सुटलं.

क्लोझिंग लूपवर झिजलेले धागे दिसले तर बदला. लूप सैल असेल तर पिन अवेळी निसटते, आणि मोठ्या फॉर्मेशनमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून हवेत केलेल्या आकृतीत, अवेळी उघडलेलं पॅराशूट हे जवळपास सगळ्यांत भयानक प्रकरण. त्याकडे खाली परत येतोच. पायलट च्यूटचा खिसा ढिला झाला असेल तर तोही बदलायचा. स्टीअरिंगच्या दोऱ्या स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या असतील तर स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने त्या हळूहळू आखडतात. कॅनॉपी आपोआप एका बाजूला वळायला लागली की रिगरला दाखवा. महिन्यातून एकदा तीन कड्या सोडवून पट्ट्या हाताने वाकवायच्या आणि पिवळ्या केबल पुसायच्या, दहा मिनिटांचं काम आहे. रिझर्व्ह मात्र तुम्ही हात लावायची गोष्ट नाही. अमेरिकेत दर १८० दिवसांनी प्रमाणित रिगर ते उघडून, तपासून पुन्हा पॅक करतो.

भारतात रिग बाळगणाऱ्यांनी उन्हाचं भान ठेवावं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या रिगचं नायलॉन, रबर बँड आणि एएडीची इलेक्ट्रॉनिक्स यांचं काही भलं होत नाही. विमानप्रवासात रिग केबिनमध्ये न्या आणि एएडीसोबत येणारं एक्स-रेचं कार्ड वर ठेवा. सुरक्षा तपासणीत ‘यात काय आहे?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर चिडून देऊ नका.

विमानात चढण्याआधीची तपासणी तीन-तीनच्या हिशेबाने करतात. तीन कड्यांच्या जोड्या नीट बसल्यात ना. तीन पट्टे, म्हणजे छातीचा आणि मांड्यांचे दोन, बकलमधून बरोबर घातलेत ना. छातीचा पट्टा चुकीचा ओवला तर ओढ बसताच सुटू शकतो. तीन हँडलं, म्हणजे पायलट च्यूट, कटअवे आणि रिझर्व्ह, जागेवर आहेत आणि दिसताहेत ना. मग एएडी चालू, आरएसएल जोडलेलं, अल्टिमीटर शून्यावर. पाठीमागच्या पिना स्वतःला दिसत नाहीत, त्या सोबत्याकडून तपासून घ्यायच्या. आणि विमानाचं दार उघडण्याआधी हे सगळं पुन्हा एकदा.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हाचे फोटो आपल्याकडे खूप फिरले. लोक साडीचा रंग बघत होते. रिग पाहायची सवय असलेल्याची नजर आधी जाते ती हँडलांकडे: कापडाचा घोळ त्यांच्यावर येत नाही ना, मांड्यांच्या पट्ट्यांखाली काही अडकत नाही ना. हौसेने वेगळे कपडे घालून उडी मारायची असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

मेन उघडलं, पण बरोबर उघडलं का?

कॅनॉपी डोक्यावर आली की तीन प्रश्न. आकार चौकोनी आहे का? स्लायडर खाली आला आहे का, दोऱ्या मोकळ्या आहेत का? टॉगल, म्हणजे स्टीअरिंगच्या दोऱ्यांच्या मुठी, ओढले की डावीकडे-उजवीकडे वळते आणि दोन्ही एकत्र ओढल्यावर ब्रेक लागतो का? तिन्हीला हो असेल तर उडा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल आणि निर्णयाची उंची आली असेल, तर ती कॅनॉपी उतरवण्याच्या लायकीची नाही, मग ती दिसायला कितीही सुरेख असो.

किरकोळ उपद्रव वेगळे ओळखा. टोकाचे कप्पे न फुगणं नेहमीचं आहे; दोन्ही टॉगल खाली ओढून धरा, फुगतात. स्लायडर मध्येच अडकला तर तेच करा. दोऱ्यांना पीळ बसला असेल आणि कॅनॉपी वर शांत उडत असेल, तर रायझर, म्हणजे खांद्यांपासून दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या, बाजूला ताणून पाय मारत पिळाच्या उलट फिरा. पीळ सुटेपर्यंत ब्रेक सोडू नका. पण कॅनॉपी गिरक्या घेत असेल, तुम्ही आडवे फेकले जात असाल, तर थांबू नका. गिरक्यांमध्ये उंची भराभर जाते आणि शरीराला बसणाऱ्या ओढीमुळे हात हँडलपर्यंत नेणंही जड जातं.

आता खरे बिघाड. उघडण्याच्या क्रमात कुठे अडलं त्यावरून ते ओळखता येतात. पायलट च्यूट खिशातून निघतच नाही, हँडल सापडत नाही: एकदा प्रयत्न, फार तर दोनदा, मग सरळ रिझर्व्ह. पायलट च्यूट मागे ओढलं जातंय पण पिन निघत नाही: यात आधी कटअवे करावं की थेट रिझर्व्ह ओढावं, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना जाणते लोक आहेत. तुमच्या इन्स्ट्रक्टरने जे शिकवलं तेच पक्कं करा. हवेत वादाला जागा नाही. पिशवी बाहेर आली पण उघडली नाही, किंवा कॅनॉपी बाहेर येऊन गुंडाळीसारखीच राहिली: कटअवे आणि रिझर्व्ह. एखादी दोरी कॅनॉपीवरून गेली आणि तिचा पानासारखा आकार झाला, दोऱ्यांत गाठ बसली, बरंच कापड फाटलं: बहुतेक वेळा तेच.

पिन आधी निघाली, पिशवी बाहेर पडली आणि पायलट च्यूट मात्र खिशातच अडकलं, अशा वेळी मेन तुमच्या पाठीशी नालासारखं वाकून लोंबत राहतं. पायलट च्यूट बाहेर काढायचा एक प्रयत्न करायचा, जमलं नाही तर कटअवे आणि रिझर्व्ह. रिझर्व्ह या गुंत्यातून जातं, म्हणून हा बिघाड घाबरवणारा.

कटअवेची कृती जमिनीवर टांगलेल्या हार्नेसमध्ये इतकी करा की हात स्वतः जातील:

१. शरीर कमान करा, डोळ्यांनी लाल हँडल शोधा. चाचपडून नाही, बघून.
२. ते धरा, वेल्क्रोपासून सोलून काढा, आणि नजर रिझर्व्हच्या हँडलवर न्या.
३. कटअवे हात पूर्ण लांब होईपर्यंत ओढा. अर्धवट ओढलं तर एका खांद्याची जोडणी सुटून दुसरी लटकत राहू शकते.
४. लगेच रिझर्व्ह ओढा, तेही पूर्ण. आरएसएल आहे म्हणून थांबायचं नाही.
५. कमान धरून ठेवा, मग वर बघा.

काही ड्रॉप झोन दोन्ही हात एका हँडलवर शिकवतात, काही एक हात एका हँडलवर. एक पद्धत निवडा आणि रिग बदलली तरी तीच ठेवा.

दोन्ही पॅराशूट एकाच वेळी बाहेर आली तर घाई नको. एकामागे एक शांत उडत असतील तर तशीच ठेवा, पुढच्या कॅनॉपीला हलक्या हाताने दिशा द्या, उतरताना ब्रेक मारू नका. पाय जुळवून लोळण घेत उतरा. शेजारी-शेजारी असतील तर काय करायचं हे उंचीवर आणि ती गुंतलीत की नाही यावर ठरतं, आणि तो धडा इन्स्ट्रक्टरसमोर बसूनच घ्यायला हवा. दोन्ही कॅनॉपी एकमेकींपासून दूर जमिनीकडे ओढायला लागल्या, तर मात्र विचार नाही. मेन सोडून द्या.

मोठ्या फॉर्मेशनकडे

अमेरिकन पद्धतीत ए लायसन्सला किमान २५ उड्या लागतात, बीला ५०, सीला २००, डीला ५००. मोठ्या फॉर्मेशनला मात्र आकड्यापेक्षा हातात किती नियंत्रण आहे ते बघतात. चौघांच्या आणि आठांच्या टीममध्ये नियमित उडी मारून, मग १६-२० जणांच्या उड्यांत भरवशाचा म्हणून नाव झालं, की कॅम्पचं आमंत्रण मिळतं. कॅलिफोर्नियातलं पेरिस आणि ॲरिझोनातलं एलॉय ही अशा कॅम्पची जुनी ठिकाणं. २००९ मध्ये पेरिसलाच १८१ महिलांनी महिलांचा विक्रम केला. डोकं खाली ठेवून उडणाऱ्यांचा १६४ जणांचा विक्रम २०१५ मध्ये इलिनॉयमधल्या ओटावाला झाला. पॅराशूट उघडल्यावर कॅनॉपी एकमेकींना जोडून करायची आकृती हा पूर्ण वेगळा खेळ. २००७ मध्ये फ्लोरिडात १०० कॅनॉपींचा हिरा रचला गेला, पण त्याच्या रिगही वेगळ्या आणि धोकेही वेगळे.

पडण्याचा वेग जुळवणं हा पाया. जाड माणूस भरभर पडतो, सडसडीत माणूस तरंगतो. पहिल्याला ढगळ, हवा धरणारा जंपसूट, दुसऱ्याला घट्ट सूट आणि कमरेला शिशाचा पट्टा. सूटच्या दंडांवर आणि मांड्यांवर पकडायला कापडी मुठी शिवलेल्या असतात. वाऱ्याच्या बोगद्यात थोडे तास घालवलेत तर शंभर उड्यांनी येणार नाही इतका फरक पडतो. हैदराबादला अशी सोय झाल्यापासून त्यासाठी परदेशी जायचीही गरज उरलेली नाही.

कॅम्पमध्ये निम्मा वेळ जमिनीवर जातो. चाकाच्या पाट्यांवर पोटावर झोपून किंवा चालत चालत सगळी उडी पुन्हा पुन्हा करायची. तुमची जागा, तुमच्या आधी कोण येणार, तुम्ही कुणाचा दंड धरणार, सुटायची उंची, उघडायची उंची. सर्वांत आत बेस, म्हणजे जड आणि स्थिर लोकांचा गट, जो आधी विमानातून निघतो. त्याभोवती रांगा, आणि शेवटी बाहेरच्या टोकावर चपळ माणसं. विभागांनुसार सूटचे रंग ठरलेले असतात, म्हणजे वरून खाली झेपावताना आपला भाग दुरून ओळखता येतो.

उंची मिळवण्यासाठी मोठ्या उड्या नेहमीपेक्षा बरंच वरून होतात, कधी २०००० फुटांच्याही वर. तिथे विमानात ऑक्सिजन लागतो. नळी नाकाशी असताना ती काढायची वेळ, पाण्याची बाटली, गोठलेली बोटं: या किरकोळ गोष्टी आधी सरावात आणा. ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला आपलं काही चुकतंय असं वाटतच नाही, उलट उगाच आनंदी वाटतं. शेजाऱ्याकडे लक्ष ठेवा.

बाहेर पडलात की बेसकडे थेट बाणासारखं जायचं नाही. आपल्या विभागाच्या रेषेत या, दुरूनच वेग मारा, शेवटचे काही मीटर बेसच्या पातळीत, हळू. नवशिके इथे अधीर होतात. दुसऱ्याच्या वर जाऊ नका: पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवा मेलेली असते, तिथे शिरलात तर धाडकन त्याच्यावर पडता. तुमच्या आधीचा माणूस पोचला नसेल तर जागेजवळ थांबा. पोचल्यावर मूठ धरा, पण ओढू नका. एकाने ओढलं की लाट पसरते, आणि दुसऱ्या टोकाची ग्रिप सुटते. विक्रमाच्या उड्यांत आकृतीचा आराखडा आधी जमा केलेला असतो आणि पंच फोटो-व्हिडिओ बघून एकेक ग्रिप तपासतात. ३९९ बरोबर आणि एक चूक म्हणजे विक्रम नाही.

फॉर्मेशनच्या खाली गेलात तर? वर येण्याचा हट्ट करू नका. पहिलं काम म्हणजे फॉर्मेशनच्या सावलीतून बाहेर सरकणं. खाली राहिलेल्या माणसाचं पॅराशूट त्याच क्षणी उघडलं, तर वरचे लोक ताशी दोनशेच्या वेगाने त्यातून जाणार. सैल क्लोझिंग लूपचा मुद्दा इथे येतो. म्हणून मोठ्या कॅम्पमध्ये तुमची रिग तुमच्याआधी दुसराच कुणीतरी तपासतो, आणि त्यात मानापमान मानायचा नसतो. बाहेर सरकून पसरून राहा, फॉर्मेशन बघत राहा आणि आपल्या वेळी आपल्याच दिशेने निघा.

सुटणं

सुटायची उंची लाटांत ठरते. बाहेरची रांग सर्वांत आधी वळते, समजा ७००० फुटांवर. मग तिच्या आतली, मग त्याच्या आतली. शंभर जणांच्या उडीत शेवटची लाट ५५०० च्या आसपास सुटते असं धरा, नेमके आकडे आयोजक देतो. वळलं की ट्रॅकिंग: हात शरीराशी, पाय ताठ, सपाट आणि लांब जायचं. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या असतो. सुरुवातीला त्याच्या शेजारून जा, मग पंख्यासारखं पसरा. मागे वळून बघणारा माणूस आडवा येतो आणि दुसऱ्याच्या रेषेत घुसतो.

आपल्यासाठी ठरलेल्या उंचीवरच पॅराशूट उघडा. लवकर उघडलंत तर वरच्या लाटेसाठी अडथळा, उशिरा उघडलंत तर बिघाडाला जागा राहत नाही. फेकण्याआधी हात हलवून दाखवा, खाली आणि वर बघा. उघडत असताना हात मागच्या रायझरवर ठेवा. समोर कुणी आलं तर ब्रेक सोडायला वेळ नसतो, पण मागचा रायझर ओढून उजवीकडे वळता येतं. दोघंही उजवीकडे.

गर्दीत बिघाड झाला तरी कृती तीच. कटअवेच्या आधी खाली एक नजर टाका, पण निर्णयाची उंची ओलांडून नाही. सुटलेलं मेन आणि रिझर्व्हची मोकळी पिशवी कुठे जातात ते लक्षात ठेवा, त्यांचा पाठलाग करत खाली उतरू नका. तुमच्याभोवती शंभर कॅनॉपी आहेत, त्यातल्या कुणालाही तुमचं मेन हरवण्याचं सोयरसुतक नाही.

उतरताना गिरक्या नाहीत, नागमोडी नाही. ठरलेल्या बाजूने, ठरलेल्या पट्ट्यात, सरळ रेषेत. मैदान गर्दीचं वाटलं तर लांब मोकळ्या शेतात उतरा आणि चालत या. गाडी घ्यायला येते. खाली उतरलं की आधी आपल्या विमानाच्या प्रमुखाकडे हजेरी, मगच पाणी आणि मोबाईल. एक माणूस मोजणीत कमी पडला तर पुढचं विमान सुटत नाही.

रिझर्व्ह वापरून उतरला असाल तर त्या रिगने पुढची उडी नाही. ती रिगरकडे जाते, रिझर्व्ह नव्याने पॅक होतं, तीन कड्या आणि केबल तपासल्या जातात, हरवलेली हँडलं बदलली जातात. आणि ज्या रिगरने ते रिझर्व्ह पॅक केलं होतं त्याला त्याच्या आवडीची बाटली द्यायची, ही जगभरातल्या ड्रॉप झोनवरची रीत आहे. कोणत्या ब्रँडची, ते त्याला विचारा.